ॲरोमॅटिक गंधरेणू गंध-बंधक प्रथिनाला चिकटतो का, हे कसे तपासावे

क्युलेक्स डासाची मादी गटाराच्या किंवा साचलेल्या घाण पाण्याकडे अंडी घालण्यासाठी वळते, तेव्हा तिला ओढणाऱ्या वासांत इंडोल आणि स्काटोल ही दोन संयुगे असतात. सेंद्रिय पदार्थ कुजताना ती तयार होतात, दोन्हींच्या रेणूत बेंझिनचे वलय असते (म्हणून त्यांना रसायनशास्त्रात ॲरोमॅटिक म्हणतात) आणि पाण्यात ती बेताचीच विरघळतात. डासाच्या स्पर्शिकेवरील सूक्ष्म केसांच्या भिंतीत छिद्रे असतात. त्यांतून गंधरेणू आत शिरतो, परंतु चेतापेशीच्या पटलावरील ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला जलीय द्रवाचा एक थर ओलांडावा लागतो. याच द्रवात गंध-बंधक प्रथिने मोठ्या प्रमाणात विरघळलेली असतात आणि पाण्याला नकोशा असलेल्या रेणूला ती आपल्या पोटातील खोबणीत सामावून घेतात.

मुंबईतील महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयावर प्रकल्प करता यावा, या हेतूने ही प्रयोगरीत लिहिली आहे. फ्लुओरोमीटर, वर्णपटमापी आणि प्रथिने तयार करण्याची साधारण सोय असलेल्या प्रयोगशाळेत हे काम होऊ शकते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे बरेचसे लेखन तिच्याभोवतीच फिरणार आहे. ॲरोमॅटिक संयुगांच्या बाबतीत विद्यार्थी फसतो तो बहुधा प्रथिनामुळे नव्हे, तर प्रकाशामुळे. बेंझिनचे वलय स्वतः प्रकाश शोषते, काही वेळा स्वतः उजळते, आणि बंधन मुळीच झालेले नसतानाही बंधनासारखा सुंदर आलेख काढून देते.

प्रथम प्रथिनाची ओळख करून घेऊ. १९८१ मध्ये व्होग्ट आणि रिडिफर्ड यांनी एका मोठ्या रेशीमपतंगाच्या नराच्या स्पर्शिकेत मादीचे कामगंधद्रव्य धरून ठेवणारे प्रथिन दाखवले. त्याच सुमारास इटलीत पेलोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाईच्या नाकातील श्लेष्मपटलात गंधरेणू बांधणारे प्रथिन सापडले. त्यासाठी त्यांनी ढोबळ्या मिरचीच्या हिरव्या वासाचे पायराझीन वापरले होते, आणि तेही ॲरोमॅटिक संयुगच आहे. नाव एकच असले तरी या दोन प्रथिनांची घडण पूर्णपणे वेगळी आहे. सस्तन प्राण्यांचे गंध-बंधक प्रथिन लिपोकॅलिन कुळातील असून आठ बीटा-पट्ट्यांच्या पिंपासारखे असते. कीटकांचे प्रथिन सुमारे १४ किलोडाल्टनचे, सहा अल्फा-सर्पिलांचे असते आणि त्यातील सहा सिस्टीन तीन डायसल्फाइड पूल बांधून घडी घट्ट ठेवतात. त्यामुळे गाईच्या प्रथिनावर मिळालेला निष्कर्ष डासाच्या प्रथिनाला लावू नये. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ही गल्लत वारंवार आढळते.

खोबणीच्या आत बहुतांश जलविरोधी अमिनो आम्ले असतात आणि त्यांत फेनिलअलॅनिन, ट्रिप्टोफॅन, टायरोसिन यांसारखी स्वतः वलय बाळगणारी आम्लेही असतात. गंधरेणूचे वलय या वलयांना समांतर किंवा काटकोनात टेकते. जोडीला एखादा हायड्रोक्सिल किंवा कार्बोनिल गट असल्यास हायड्रोजन बंध जुळतो, आणि उरलेले काम पाण्यापासून दूर राहण्याची ओढ करते. रेशीमकिड्याच्या प्रथिनाची स्फटिकरचना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बॉम्बिकॉल या गंधद्रव्याचे दुहेरी बंध दोन फेनिलअलॅनिनच्या मधोमध धरलेले आणि टोकाचा हायड्रोक्सिल गट एका सेरिनला बांधलेला दिसतो. बॉम्बिकॉल स्वतः ॲरोमॅटिक नसले तरी ही रचना डोळ्यांखालून घालावी, कारण पकड कशी असते हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

मुंबईच्या विद्यार्थ्याने क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस या डासाचे पहिल्या क्रमांकाचे गंध-बंधक प्रथिन (ओबीपी१) घ्यावे, असे माझे मत आहे. हा डास आपल्याच परिसरातला आहे आणि हत्तीरोगाचा वाहक आहे. प्रथिनाची रचना प्रथिन-संग्रहात ३ओजीएन या क्रमांकाखाली उपलब्ध आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या प्रथिनाची निर्मिती आरएनए-हस्तक्षेपाने (जनुकाचा संदेश पेशीतच दाबून) घटवल्यावर स्पर्शिकेचा इंडोल आणि स्काटोल यांना मिळणारा विद्युत-प्रतिसादही घटला. म्हणजे ॲरोमॅटिक रेणू आणि हे प्रथिन यांचा संबंध जिवंत कीटकात तपासला गेलेला आहे, आणि आपल्या नळीतल्या आकड्यांना त्यामुळे एक भक्कम आधार मिळतो.

प्रथिन तयार करताना

जनुक कृत्रिमरीत्या मागवताना मूळ संकेत-खंड (प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा सुरुवातीचा तुकडा) वगळावा आणि प्रथिन ई. कोलाय या जिवाणूच्या पेरिप्लाझममध्ये, म्हणजे त्याच्या दोन पटलांमधल्या जागेत, जाईल अशी योजना करावी. पेशीद्रवात डायसल्फाइड पूल नीट बांधले जात नाहीत आणि प्रथिनाचे अविद्राव्य गोळे होतात. ते विरघळवून पुन्हा घडी घालता येते, पण मर्यादित कालावधीच्या प्रकल्पात हा मार्ग धरू नये. पेशी गोठवून-वितळवून बाहेर आलेला अर्क आयन-विनिमय स्तंभातून आणि नंतर जेल-गाळण स्तंभातून काढावा. जेलवर एकच पट्टी दिसली म्हणजे काम संपले असे समजू नये. प्रत्येक पुलामागे दोन हायड्रोजन कमी होतात, म्हणून तिन्ही पूल बांधले गेले असतील तर प्रथिनाचे वस्तुमान अमिनो आम्लक्रमावरून काढलेल्या आकड्यापेक्षा ६ डाल्टनने कमी भरले पाहिजे. ही मोजणी पवईच्या आयआयटीतील उपकरण-सुविधेसारख्या ठिकाणी बाहेरच्या संस्थांचे नमुने पाठवून करून घेता येते. हा खर्च टाळू नये, कारण चुकीच्या घडीचे प्रथिनही गंधरेणूला सैलसर चिकटते आणि मग सगळेच आकडे निरर्थक ठरतात.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. जिवाणूतून बाहेर येताना प्रथिनाच्या खोबणीत जिवाणूचेच मेदाम्ल अडकलेले असू शकते. अशी भरलेली खोबण नव्या रेणूला जागा देत नाही आणि बंधन कमकुवत असल्याचा भास होतो. आम्लधर्मी बफरमध्ये मेद शोषून घेणाऱ्या रेझिनसोबत प्रथिन हलवून ठेवल्यास ते मेदाम्ल निघते. त्यानंतर बफर बदलून पीएच ७.४ वर आणावा.

गंधरेणूंची निवड आणि जपणूक

संयुगांचा संच असा निवडावा की त्यातून एखादा प्रश्न उभा राहील. इंडोल आणि स्काटोल यांच्यात केवळ एका मिथाइल गटाचा फरक आहे, त्यामुळे त्या गटाने पकड किती बदलते हे थेट विचारता येते. लवंगेतील युजेनॉल आणि ओव्यातील थायमॉल दोन्ही फिनॉल आहेत, पण त्यांच्या बाजूच्या साखळ्या वेगळ्या आहेत. गुलाबातील फेनिलइथाइल अल्कोहोल आणि केवड्यातील त्याचाच मिथाइल इथर ही जोडी तर फार उपयोगी आहे, कारण वलय आणि साखळी तीच राहते आणि फक्त हायड्रोजन बंध देऊ शकणारा गट झाकला जातो. असा एकेक बदल करत गेले म्हणजे खोबणीला नेमके काय हवे आहे ते उलगडू लागते. वीस असंबद्ध सुगंधी द्रव्ये तपासून केलेल्या तक्त्यापेक्षा अशा तीन जोड्या अधिक सांगून जातात.

मोहम्मद अली रोडवर मिळणारी अत्तरे किंवा बाजारातली लवंग-तेले यांवर हा प्रयोग करू नये. त्यांत अनेक घटक असतातच, शिवाय सुगंधी द्रव्ये पातळ करण्यासाठी डायइथाइल थॅलेट सर्रास वापरले जाते आणि ते स्वतः ॲरोमॅटिक असल्यामुळे खोबणीसाठी स्पर्धा करू शकते. प्रिन्सेस स्ट्रीटवरील पुरवठादारांकडून संयुग घेताना शुद्धता आणि उत्पादनाची तारीख लेबलवर पाहून घ्यावी. बेंझाल्डिहाइड हवेत ऑक्सिडीकरण होऊन बेंझॉइक आम्लात बदलते. बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक जमलेले असतील तर ती बाटली वापरू नये. युजेनॉल तपकिरी झाले असेल तर तेही बाजूला ठेवावे.

मूळ द्रावण मिथेनॉलमध्ये १ मिलिमोलरचे करावे आणि ते काचेच्या, घट्ट झाकणाच्या कुपीत ठेवावे, कारण प्लॅस्टिक असे रेणू शोषून घेते. पावसाळ्यात थंड कुपी बाहेर काढून लगेच उघडल्यास आत दव जमते आणि द्रावणाची संहती बदलते. कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी. तसेच मोजणीचे तापमान २५ अंश सेल्सिअसला बांधून घ्यावे. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत घेतलेली मोजणी जानेवारीतल्या मोजणीशी ताडून पाहता येत नाही, कारण बंधन आणि प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून रेणूने परत दिलेला उजेड) दोन्ही तापमानानुसार बदलतात.

बंधनाची मोजणी

सर्वांत प्रचलित पद्धत स्पर्धात्मक आहे. एन-फेनिल-१-नॅफ्थाइलअमाइन, ज्याला प्रयोगशाळेत १-एनपीएन म्हणतात, हा रेणू पाण्यात जवळपास अंधारा राहतो. प्रथिनाच्या जलविरोधी खोबणीत शिरला की तो उजळतो आणि त्याची प्रतिदीप्ती निळ्या बाजूला सरकते. ३३७ नॅनोमीटरवर प्रकाश देऊन साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात मोजणी करावी. हे द्रव्य हाताळताना हातमोजे अवश्य घालावेत.

पहिला टप्पा शोधक रेणूचा, म्हणजे १-एनपीएनचा. ५० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये २ मायक्रोमोलर प्रथिन घेऊन त्यात १-एनपीएन थोडे थोडे वाढवत न्यावे आणि आलेख सपाट होईपर्यंत मोजत राहावे. त्यावरून शोधकाचा विघटन स्थिरांक काढावा; हा आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. दुसऱ्या टप्प्यात प्रथिन आणि शोधक प्रत्येकी २ मायक्रोमोलर ठेवून गंधरेणू वाढत्या संहतीत घालावा. गंधरेणूने खोबण बळकावली तर शोधक बाहेर पडतो आणि उजेड घटतो. उजेड अर्ध्यावर आणणारी संहती वाचून घ्यावी. मिथेनॉलचे एकूण प्रमाण शेवटपर्यंत २ टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे आणि तेवढेच मिथेनॉल घातलेली, गंधरेणू नसलेली एक मालिका सोबत चालवावी.

गंधरेणूचा स्थिरांक काढण्यासाठी अर्ध्यावर आणणाऱ्या संहतीला ‘एक अधिक, शोधकाची मुक्त संहती भागिले शोधकाचा विघटन स्थिरांक’ या राशीने भागतात. यातला ‘मुक्त’ हा शब्द सोडून देऊ नये. समजा, शोधकाचा स्थिरांक २ मायक्रोमोलर आहे आणि गंधरेणूने ८ मायक्रोमोलरला उजेड अर्धा केला. शोधकाची एकूण संहती २ धरली तर उत्तर ४ येते. पण २ मायक्रोमोलर प्रथिनाने शोधकाचा सुमारे ०.७६ मायक्रोमोलर भाग आधीच बांधून ठेवलेला असतो, मुक्त भाग १.२४ उरतो, आणि उत्तर ४.९ च्या आसपास जाते. दोन संयुगांतला फरक जेव्हा एवढाच असतो, तेव्हा या दुरुस्तीवाचून काढलेला क्रम टिकत नाही.

प्रकाशाचे सापळे

व्हॅनिलिनचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत शिकवणारे आहे. त्याच्या फिनॉल गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो आकडा) सुमारे ७.४ आहे, म्हणजे आपल्या बफरमध्ये त्याचे जवळपास निम्मे रेणू आयन-रूपात असतात. हे आयन-रूप ३४७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषते, आणि आपण शोधकाला प्रकाश देतो ३३७ वर. त्यामुळे व्हॅनिलिन वाढवत नेले की शोधकापर्यंत पोहोचणारा प्रकाशच कमी होतो आणि प्रतिदीप्ती घटते. खोबणीत काहीही घडलेले नसते. १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या चौकोनी पारदर्शक नळीत) ३३७ नॅनोमीटरवरील शोषण ०.२ झाले, तरी उजेड जवळजवळ एक-पंचमांशाने घटलेला दिसतो.

हा सापळा याहूनही खोल आहे. कीटकांची अनेक गंध-बंधक प्रथिने आम्लधर्मी द्रावणात गंधरेणू सोडून देतात. रेशीमकिड्याच्या प्रथिनात तर शेपटीकडचा भाग सर्पिल होऊन स्वतःच खोबणीत जाऊन बसतो, आणि चेतापेशीच्या पटलाजवळ गंधरेणू मोकळा होण्यामागे हीच यंत्रणा असावी असे मानले जाते. म्हणून पीएच ५ वर तोच प्रयोग पुन्हा करून ‘बंधन पीएचवर अवलंबून आहे’ असे दाखवण्याची प्रथा आहे. व्हॅनिलिनच्या बाबतीत पीएच ५ वर आयन-रूपच उरत नाही, ३३७ वरील शोषण कोसळते, आणि ७.४ वर दिसलेली घट नाहीशी होते. विद्यार्थ्याला वाटते की प्रथिनाने पीएचनुसार रेणू सोडला, पण बदललेले असते केवळ व्हॅनिलिन. अशा वेळी आलेख जितका देखणा, तितका अधिक संशय घ्यावा.

मोगऱ्यातील मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट उलट दिशेने फसवते. ते याच भागात प्रकाश शोषून स्वतः निळसर उजळते, म्हणून शोधक बाहेर पडला तरी उजेड घटत नाही आणि चांगला बांधला जाणारा रेणू निष्क्रिय ठरू शकतो. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि इतर अल्डिहाइड यांची गोष्ट आणखी वेगळी. ते लायसिनच्या अमिनो गटाशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडू शकतात, आणि ट्रिस बफरच्या रेणूतही तसाच अमिनो गट असतो. अल्डिहाइडसाठी फॉस्फेट बफर वापरावा. मिश्रण तासाभराने पुन्हा मोजल्यावर आकडा सरकत राहिला, तर ते साधे उलटसुलट होणारे बंधन नाही असे समजावे.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. प्रत्येक संयुगाचा शोषण-वर्णपट प्रयोगाच्याच बफरमध्ये, प्रयोगातल्या सर्वाधिक संहतीला आधी घ्यावा. उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन्ही तरंगलांबींवरील शोषणांची बेरीज करून तिला दोनाने भागावे, येणारा आकडा दहाचा घातांक म्हणून वापरावा, आणि त्या राशीने मोजलेल्या प्रतिदीप्तीला गुणावे. ही दुरुस्ती शोषण अल्प असतानाच विश्वासार्ह असते, त्यामुळे बेरीज ०.३ च्या पुढे गेली की संहती कमी करावी किंवा ३ मिलिमीटर मार्गाचा क्युवेट घ्यावा. त्यानंतर तीन मालिका न चुकता चालवाव्यात: प्रथिन नसलेली, शोधक नसलेली, आणि प्रथिनाच्या जागी लायसोझाइम असलेली. लायसोझाइम जवळपास त्याच आकाराचे, चार डायसल्फाइड पूल असलेले प्रथिन आहे, पण त्यात अशी जलविरोधी खोबण नसते. गोवंशीय सीरम अल्ब्युमिन येथे उपयोगाचे नाही, कारण ते बहुतेक जलविरोधी रेणूंना जागा देते.

शोधक न वापरता प्रथिनातील ट्रिप्टोफॅनची स्वतःची प्रतिदीप्ती मोजण्याचा मोह होतो. इंडोल आणि स्काटोलसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण ट्रिप्टोफॅनचा उजळणारा भाग म्हणजे इंडोलचेच वलय. दोघांचा उजेड एकमेकांत मिसळतो. शंका उरलीच तर प्रकाशाशी संबंध नसलेली पद्धत निवडावी. बंधन होताना सुटणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजणारे समतापी उष्णतामापन उत्तम. एनएमआरची (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत वाचणाऱ्या तंत्राची) सोय असेल तर त्याहून उत्तम. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उच्च क्षमतेच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. मार्गदर्शकांच्या संमतीने तेथे विचारणा करता येते.

संगणकावरील जुळवणी

संगणकावर गंधरेणू खोबणीत बसवून पाहणे सोपे झाल्यामुळे अनेक प्रकल्प तेथूनच सुरू होतात आणि तेथेच संपतात. ३ओजीएन रचनेत डासाचे अंडी घालण्याशी संबंधित गंधद्रव्य आधीच बसलेले आहे. प्रथम ते काढून पुन्हा बसवावे, आणि मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आले तरच पुढे जावे. ऑटोडॉक व्हिना या जुळवणीच्या संगणक-प्रणालीच्या निर्मात्यांनीच तिच्या अंदाजातील प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रतिमोल दिली आहे. बंधनाच्या ताकदीत दहापट फरक पडायला सुमारे १.४ किलोकॅलरी पुरतात, म्हणजे ही त्रुटी शंभरपटीहून मोठी होते. युजेनॉलला उणे ६.१ आणि थायमॉलला उणे ५.८ मिळाले म्हणून युजेनॉल अधिक घट्ट बांधले जाते, असे लिहू नये. जुळवणीचा खरा उपयोग कोणते अमिनो आम्ल बदलून पाहावे हे सुचवण्यासाठी आहे. ते आम्ल बदललेले प्रथिन तयार करून मोजल्यावरच वलयाने वलयाला धरले होते की नाही हे कळते.

बंधनापासून वासापर्यंत

प्रथिनाला रेणू चिकटला म्हणजे कीटकाला त्याचा वास आला, असा अर्थ होत नाही. फळमाशीत लश नावाचे गंध-बंधक प्रथिन नसेल तर नराच्या एका गंधद्रव्याला मिळणारा प्रतिसाद नाहीसा होतो, असे २००५ मध्ये दिसले. उलट २०१६ मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या केसातील विपुल गंध-बंधक प्रथिन काढून टाकल्यावरही चेतापेशींचा प्रतिसाद भक्कम राहिला. काही रेणूंसाठी हे प्रथिन अपरिहार्य आहे आणि काहींसाठी नाही. आपला रेणू कोणत्या गटातला हे कीटकालाच विचारावे लागते. मुंबईला ही परंपरा नवी नाही. वेरोनिका रॉड्रिग्ज आणि ओबैद सिद्दिकी यांनी टाटा संस्थेतच फळमाशीचे वास न ओळखणारे उत्परिवर्ती वाण वेगळे काढले, आणि त्यांचे हे काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची साधने साधी होती आणि प्रश्न मात्र अचूक.

क्युलेक्ससाठीही साधी चाचणी उपलब्ध आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रक्त घेतलेल्या माद्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून त्यात दोन सारख्या गडद वाट्या ठेवाव्यात. एकीत पाणी आणि तपासायचे संयुग, दुसरीत तेवढेच पाणी आणि तेवढेच द्रावक असावे. वाट्यांच्या जागा रोज बदलाव्यात, कारण खिडकीकडची बाजू माद्या स्वतःहून पसंत करू शकतात. क्युलेक्सची मादी सगळी अंडी एकाच तराफ्यात घालते, त्यामुळे सकाळी सुटी अंडी मोजत बसावे लागत नाही. प्रत्येक तराफा म्हणजे एका मादीने केलेली एक निवड. इंडोल आणि स्काटोल यांची संहती अतिशय कमी पातळीपासून सुरू करावी, कारण आकर्षित करणारे संयुगच जास्त प्रमाणात मादीला दूर लोटू शकते. मोजणी झाल्यावर वाट्यांतील पाणी तराफ्यांसह उकळून मगच टाकावे, आणि पिंजऱ्याचे दार दुहेरी जाळीचे ठेवावे, म्हणजे एकही डास वस्तीत जाणार नाही.